आपण टोचून घेतले आहे

मंगळवार, ३१ ऑक्टोबर १९११. लोणावळा.

आज सकाळी भिमाजीच्या खोलीत, कणगीमागे, उंदीर मरून पडला. भिमाजी आगगाडीच्या यार्डात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला आहे आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीने कारभार बघायला निवडलेला वडीलही आहे. त्याने उंदीर चिमट्यात धरून बाहेर आणला, घासलेट ओतून जाळला आणि मग पाळकाला कळवावे म्हणून माझ्याकडे आला. तो दारात उभा राहून सांगत होता आणि मी त्याच्या हाताकडे बघत होतो. हात धुतलेस का, हे विचारायचा धीर झाला नाही. "प्रभू सांभाळ करील," असे म्हणालो. तो गेल्यावर त्याने जिथे हात टेकला होता ती चौकट मी फिनेलने पुसून काढली.

ही वही मी कोणाला दाखवणार नाही. व्यासपीठावर जो उभा राहतो त्याला हिची गरज नाही, मला आहे.

धर्मशिक्षण घेत होतो तेव्हा आमचे म्हातारे गुरुजी सांगायचे, पाळकाला मंडळीने जेवताना, शिंकताना आणि डगमगताना पाहू नये. अकरा वर्षे मी हे पाळले आहे. बाजारात घासाघीस करत नाही, चाळीत कोणाच्या ओट्यावर टेकत नाही, काळा लांब कोट घातल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. माझी पत्नी रतनबाई म्हणते, "एखाद्या दिवशी नुसता कोटच पाठवून बघा. कोणाला फरक कळायचा नाही." तिला चेष्टेची सवय आहे.

शनिवार, ४ नोव्हेंबर

नांगरगावात प्लेगने तीन माणसे गेली. पेठेतली निम्मी दुकाने बंद. लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालू लागले आहेत.

डॉक्टर गोपाळकृष्णपंत आले होते. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, भला माणूस, बोलणे पुणेरी. म्हणाले, "आपली मंडळी आपला शब्द खाली पडू देत नाही. त्यांनी टोचून घेतलं की रेल्वेची चाळ येईल. चाळीमागून वळवण येईल, नांगरगाव येईल. गुरुवारी मी लस घेऊन आपल्या प्रार्थनामंदिराच्या ओसरीवर बसतो. सुरुवात आपण करायची."

"अवश्य," मी म्हणालो. 'आपण' म्हणजे त्यांना मी अभिप्रेत होतो.

 पुण्यात अठ्ठ्याण्णव साली मी माझ्या पाठच्या भावाला, सोपानला, हाताला धरून टोचायला नेले होते. त्याला जायचे नव्हते. "भिऊ नकोस," मी म्हणालो, "मुंगी चावल्यासारखं वाटेल." दुसऱ्या दिवशी ताप चढला, चौथ्या दिवशी पहाटे गेला. तिथल्या डॉक्टरांनी समजावले की रोगाचे बीज आधीच अंगात होते, सुईचा दोष नाही. मला ते पटले होते. आजही पटते. पण सुई पाहिली की मला सोपानचा दंड दिसतो. त्या दिवशी त्याच्या मागे माझी पाळी होती आणि मी घरी निघून आलो होतो, हे मी रतनबाईलासुद्धा सांगितलेले नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

पार पडले. सकाळी आठपासून ओसरीवर रांग होती. मी टेबलाशी बसून यादी करत होतो. सर्वांना धीर यावा म्हणून सर्वांत वर माझे नाव लिहिले, वळणदार अक्षरात. रतनबाई चौथी. तिने पदर सारून दंड पुढे केला, डोळे मिटले नाहीत, आणि सुई आत असताना ती माझ्याकडे बघत होती.

भिमाजी सतरावा. मोठ्या उत्साहात होता. बाह्या सरसावल्या, पुढच्या दोघांची थट्टा केली. पाळी जवळ आली आणि म्हणाला, "पाळकसाहेब, नाव ल्ह्या. येवढी मालगाडी सोडतो आन् आलोच." कर्तव्यदक्ष माणूस आहे. दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो होतो तेव्हा येऊन टोचून गेला असणार.

सगळे झाल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळले. "आता आपण."

मी म्हणालो, "रविवारी उपदेश आहे. ताप भरला तर पंचाईत. संध्याकाळी निवांत दवाखान्यात येतो."

"जशी आपली मर्जी. मी फिरतीवर असेन, कंपाउंडर टोचील." सामान आवरताना ते म्हणाले, "एकोणतीस झाली. छान झालं."

यादीत एकतीस नावे आहेत. त्यातला मी वजा केला तर तीस होतात. डॉक्टर दमले होते, मोजण्यात चुकले असावेत.

संध्याकाळी गेलो नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर

उपदेशाचा विषय भीती हाच घेतला. चांगला झाला. चटयांवर बसलेली माणसे हलत नव्हती. शेवटी आवाज खाली आणून म्हणालो, "आपण टोचून घेतले आहे. आता भ्यायचे कशाला?"

हे वाक्य मी तीन दिवस घडवत होतो. 'आपण' हा मोठा सोयीचा शब्द आहे. आपण म्हणजे समोरची आदरणीय मंडळी. आपण म्हणजे तुम्ही-आम्ही सगळे. आणि चाळीतला एखादा गडी छाती पुढे काढून "आपण नाही भीत बुवा" म्हणतो तेव्हा आपण म्हणजे तो एकटा. वर्तमानकाळात बोललो असतो तर 'घेता' की 'घेतो' ते सांगावे लागले असते आणि क्रियापदाने मला उघडे पाडले असते. भूतकाळात 'घेतले' म्हटले की क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाळक होण्याआधी सहा वर्षे शाळेत व्याकरण शिकवले ते असे कामी आले.

व्याकरणदृष्ट्या मी खोटे बोललो नाही.

उपासनेनंतर लोक हात मिळवायला आले. त्यांच्या चेहऱ्यांवरून कळत होते की त्यांनी कोणता 'आपण' ऐकला. शेवटी भिमाजी आला. डावा हात अंगाशी धरून होता. "पाळकसाहेब, तुमचाबी डावाच का?"

"डावाच," मी म्हणालो.

हे मात्र खोटे झाले.

सोमवार, १३ नोव्हेंबर

सकाळीच भिमाजी हजर. ओसरीवर बसला आणि प्रश्न सुरू. ताप किती दिवस होता? दंड कुठवर दुखतो? सूज वर येते का खाली? "न्हाई, आपलं सहज इचारतो."

 त्याला काहीतरी संशय आला आहे. ज्यांनी टोचून घेतले त्यांच्याकडून ऐकलेले सगळे मी आठवून आठवून सांगितले. पहिल्या रात्री कणकण, दुसऱ्या दिवशी दंड जड, काखेत अवघडल्यासारखे. काखेचे कोणी सांगितले होते की मीच जोडले, आता आठवत नाही.

तो मन लावून ऐकत होता. "काखंतबी?"

"काखेतही."

"व्हय," तो म्हणाला, "माजंबी आगदी तसंच हाय."

तेव्हा कुठे जिवात जीव आला. त्यालाही तसेच होते आहे म्हणजे माझे वर्णन बरोबर आहे. तेवढ्यात रतनबाई गरम मिठाची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. "घ्या, शेकून घ्या दंड," म्हणाली. मी न सांगता. बिचारीला काही ठाऊक नाही. भिमाजीसमोर मी कोटावरूनच शेक घेतला.

बुधवार, १५ नोव्हेंबर

बाजारात दोन गेले. वळवणात एक बाई. रेल्वेच्या चाळीत पुन्हा उंदीर.

दिवेलागणीला भिमाजी आला. बाहेरून म्हणाला, "पाळकसाहेबांशी जरा येकट्यानं बोलायचं हुतं. खाजगी हाय."

मी आतल्या खोलीत होतो.  एकट्याने बोलायचे म्हणजे काय हे न कळण्याइतका मी दुधखुळा नाही. वडील या नात्याने तो मला जाब विचारणार, मग सभा बोलावणार, मग वरच्या मंडळाला पत्र जाणार. अकरा वर्षांची चाकरी एका सुईपायी धुळीला मिळणार.

रतनबाईला खुणेने सांगितले. ती बाहेर जाऊन म्हणाली, "ते उपदेशाची तयारी करतायत. निरोप असला तर सांगा."

तो लगेच गेला नाही. मग म्हणाला, "निरोपात बसन्यासारखं न्हाई, बाई. ऱ्हाऊ द्या."

त्याच्या वहाणा अंगणातून जाताना मी खिडकीच्या फटीतून पाहत होतो. दोनदा थांबला.

रतनबाई आत येऊन म्हणाली, "त्याचा चेहरा जाब विचारणाऱ्याचा नव्हता." बायकांना माणसांची पारख नसते.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आज ठरवले. दवाखान्यात जायचे, दंड पुढे करायचा, मोकळे व्हायचे. दुपारी बाराची वेळ निवडली, रस्त्यावर कोणी नसते. दवाखान्याच्या कोपऱ्यावर वळलो आणि पाहतो तर समोरच्या वडाखाली भिमाजी उभा.

तो माझ्या पाळतीवर आहे याबद्दल आता शंका उरली नाही. मी आत जातो की नाही हे बघायलाच तो तिथे उन्हात उभा होता. मला पाहून तोही दचकला.

"सलाम, पाळकसाहेब."

"सलाम. इकडे कसा?"

"हितंच. वाणसौदा आनाय." हातात पिशवी नव्हती. "आन् तुमी?"

"आजाऱ्यांच्या भेटीला."

दोघेही थोडा वेळ दवाखान्याच्या दाराकडे बघत उभे राहिलो. मग तो स्टेशनाकडे गेला आणि मी घराकडे.  पकडलो गेलो असे वाटत होते आणि सुई चुकली म्हणून बरेही वाटत होते.

सोमवार, २० नोव्हेंबर

काल भिमाजी उपासनेला नव्हता. मला बरेच वाटले. आज सकाळी त्याची बायको बयाबाई पळत आली.

"दोन दिस झालं अंगात ताप हाय. काखंत गाठ आल्यावानी झालंय. मी म्हनलं डाक्टरला बोलवू, तर म्हनत्यात, येडी का काय, टोचल्याचं हाय त्ये, पाळकसाहेबांनाबी काखंत तसंच झालं हुतं." ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "झालं हुतं ना?"

टोचून अकरा दिवस झाले होते. अकराव्या दिवशी काख सुजत नाही, इतके मलाही कळते.  डॉक्टरांकडे धावत सुटलो. अर्ध्या वाटेत लोक बघू लागले तेव्हा लक्षात आले की अंगात कोट नाही.

डॉक्टरांनी भिमाजीला तपासले, दोन्ही दंड उघडून पाहिले आणि मला बाहेर घेऊन आले. "प्लेगच आहे. ह्याला टोचलेलं नाही. मी सुई मारलेला माणूस विसरत नाही."

"पण यादीत..."

"यादी आपण केली. माझ्या सुया एकोणतीस झाल्या."

डॉक्टर मोजण्यात चुकले नव्हते. सतरावा आणि पहिला.

आता सगळे ओळीने लागते आहे. ताप किती दिवस, दंड कुठवर, सूज वर का खाली. तो मला पकडायला विचारत नव्हता. सोंग कसे वठवायचे ते माझ्याकडून शिकून घेत होता, आणि मी त्याला शिकवले.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

भिमाजीला काल दुपारीच माळावरच्या झोपडीत हलवले. आज मी गेलो. दारापासून तीन हातांवर स्टूल ठेवून घेतले. शुद्धीवर होता. ओठ सुकले होते.

"पाळकसाहेब, मापी करा. म्या टोचून घेतलं न्हवतं."

"कळलं मला."

"मालगाडी न्हवतीच तवा. सुई बघितली आन् पायातलं बळच गेलं. घाटात वाघ आडवा आलेला बगितलाय मी, तवा न्हाई भ्यालो." थोडा वेळ श्वास घेतला. "बुदवारी सांगाय आलतो. तुमी कामात हुता."

मी जमिनीकडे बघत होतो.

"रोज ठरवायचो, आज जातो. पन तुमी कसं बिनघोर हुता. वडील म्हनवायचं, आन् पाळकाम्होरं जाऊन मी भ्यालो म्हनायचं, ह्ये काय जमंना."

मग मी सांगितले. "भिमाजी, मीही घेतलेली नाही. मीही भ्यालो."

तो माझ्याकडे बघत राहिला. ताप असूनही नजर स्वच्छ होती. "मंग सुक्रवारी, दवाखान्यापाशी?"

"मीही त्यासाठीच आलो होतो."

तो हसला. हसताना काख दुखली म्हणून कण्हला आणि तरी हसला. "आरं द्येवा. मला वाटलं तुमी माज्या पाळतीवर हाय." मग डोळे मिटले. मला वाटले झोप लागली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आदी सांगायचं वं, पाळकसाहेब. दोगं मिळून गेलो असतो."

मी त्याचा हात धरला असे इथे लिहायला बरे वाटले असते. धरला नाही. धरायचा होता. स्टुलावरून उठलो, एक पाऊल टाकले आणि तिथेच उभा राहिलो. त्याचे डोळे मिटलेले होते, त्याने पाहिले नाही एवढेच.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

काल सकाळी भिमाजी गेला. खांदा द्यायला चौघे मिळायची मारामार. मी खांदा दिला. मातीच्या वेळी प्रार्थना म्हटली, शब्द पाठ होते म्हणून निभावले.

आज डॉक्टर आले, तोंड उतरलेले. गावात एकच बोलणे चालू आहे, भिमाजीने टोचून घेतले तरी मेला, मग सुईचा उपयोग काय? शनिवारी ते पुन्हा लस घेऊन येणार होते, वळवणातली चाळीस माणसे कबूल झाली होती. आता एकही येणार नाही म्हणतात. "आपण जाहीर सांगा," डॉक्टर म्हणाले, "की त्याने घेतलीच नव्हती. ह्यावर माणसं जगणार-मरणार आहेत."

मी बयाबाईकडे गेलो. ओट्यावर बसलो. डॉक्टरांचे म्हणणे तिने सगळे ऐकले. भिमाजीने तिला शेवटी सांगितले होते.

"धनी गेलं," ती म्हणाली. "आता नाव तेवढं ऱ्हायलंय. यार्डात समदी म्हनायची, भिमाजी वाघ हाय. पाळकसाहेब, तुमी व्यासपीठावरनं त्यास्नी भित्रा म्हनू नगा. तुमच्या पाया पडते."

माझे स्वतःचे तिला सांगायला तोंड उघडले.  न सांगताच उठलो.

घरी रतनबाईला म्हणालो, "तुला एक सांगायचं आहे."

ती तांदूळ निवडत होती. "मला ठाऊक आहे. ज्याचा डावा दंड दुखतो तो माणूस रात्रभर डाव्या कुशीवर झोपत नाही."

"मग ती पुरचुंडी?"

"तुमची लाज राखत होते." सुपातला हात थांबला. "नसती राखली तर भिमाजी बोलून मोकळा झाला असता. जितके तुम्ही दोषी, तितकीच मी." आणि ती रडू लागली. अकरा वर्षांत मी तिला मोठ्याने रडताना ऐकले नव्हते.

शनिवार, २५ नोव्हेंबर

ओसरीवर टेबल, टेबलावर बाटल्या, आणि रांगेत कोणी नाही. दहापर्यंत डॉक्टर बसून होते. रस्त्यावरून माणसे जात होती, आमच्याकडे बघून पलीकडच्या कडेने जात होती.

डॉक्टर उठायला लागले तेव्हा मी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि बाही वर केली. रतनबाईने माझे कोपर धरले. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी आपण..."

"नाही आलो."

त्यांनी पुढे विचारले नाही. सुई गेली. मुंगी चावल्यासारखे वाटत नाही, चांगलेच दुखते. सोपानला मी तेही खोटेच सांगितले होते.

जाताना डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "झालं गेलं. आता उद्या निर्धास्त सांगा, आपण टोचून घेतलं आहे."

दुपारभर हेच डोक्यात आहे. आता ते वाक्य कोणत्याही अर्थाने खरे आहे. दंडावर खूण आहे, सूज आहे. कोणाला काही सांगायची गरज नाही. भिमाजी गेला, रतनबाई बोलणार नाही, डॉक्टर सज्जन आहेत. नुसते गप्प राहिले की माझे सगळे पूर्वीसारखे होते. हे इतके सोपे आहे की याचीच जास्त भीती वाटते.

रविवार, २६ नोव्हेंबर

ताप आहे. 

व्यासपीठाच्या पायऱ्या चढलो नाही. खाली, चटयांच्या पुढे उभा राहिलो. उपदेश तयार नव्हता. म्हणालो, "दोन आठवड्यांपूर्वी मी तुमच्यासमोर एक वाक्य बोललो. ते तुम्हाला फसवण्यासाठी मुद्दाम घडवले होते. मी टोचून घेतले नव्हते. यादीत माझे नाव खोटे होते. मला सुईची भीती वाटत होती. काल घेतली. भीती अजून गेलेली नाही." भिमाजीचे नाव घेतले नाही. ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता.

 मग मागून अंबाजी उठला, सर्वांत जुना सभासद. "आमी तुमच्या तोंडाकडं बघून दंड म्होरं क्येलं," म्हणाला, आणि घोंगडी झटकून चालता झाला. त्याच्यामागून त्याच्या घरचे पाचजण गेले. मला त्यांना थांबवता आले नाही. त्यांचे बरोबर होते.

मी आशीर्वाद म्हणायला हात वर करणार तेवढ्यात बायकांच्या बाजूला बयाबाई उभी राहिली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. "आमच्या धन्यांनीबी घेतली न्हवती," ती म्हणाली. "त्येबी भ्यालं हुतं. सुईनं न्हाई मेलं. सुई न घेतल्यानं मेलं. वळवणात जाऊन सांगा समद्यांनी." आणि खाली बसली.

मंगळवारी डॉक्टर परत येणार आहेत. बाहेर पडताना मारुती हमाल माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, त्याच्या घरातले अजून तिघे राहिलेत, सुईला भितात, त्यांना काय सांगायचे?  "माझ्याकडे घेऊन ये," एवढेच म्हणालो.

सोमवार, २७ नोव्हेंबर

टोचल्याचा आज तिसरा दिवस. सोपान चौथ्या दिवसाच्या पहाटे गेला. डॉक्टर सकाळी येऊन म्हणाले, ताप असाच येतो आणि उद्या उतरेल. रतनबाईला घाम पुसायला सांगून गेले. मी दर थोड्या वेळाने काख चाचपून बघतो. दुखते. गाठ आहे का, नुसती सूज आहे, ते कळत नाही. पाच वेळा प्रार्थना सुरू केली आणि मध्येच काखेकडे हात गेला.

दुपारी बयाबाई आली. मला वाटले रतनबाई तिला बाहेरच बसवील, मंडळीतले कोणी आतल्या खोलीत कधी येत नाही. तिने तिला सरळ आत आणले. मी नुसत्या सदऱ्यावर, डोक्याला फडके बांधून पडलो होतो. बयाबाई उंबऱ्याशी टेकली.

"ताप हाय?"

"आहे."

"काख दुखती?"

"दुखते."

"भ्या वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "फार वाटतं."

 ती म्हणाली, "त्यास्नी असं कुनी इचारलंच न्हाई. म्याबी न्हाई."

उन्हे उतरेपर्यंत ती तिथेच बसून होती.